लाल बॉक्स्टर की जाड फाइल?

ताई भूलतज्ज्ञ. वय चौपन्न. मुलं मार्गाला लागली आहेत, घराचं कर्ज फिटलं आहे. भाऊ तिच्याहून धाकटा. कोल्हापुरात उद्यमनगरात त्याचं गॅरेज आहे, बोलेरोपासून स्विफ्टपर्यंत सगळ्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या आहेत. ताईला सेकंडहँड पोर्शे बॉक्स्टर घ्यायची आहे : दोन सीटची, कापडी टपाची. भावाच्या मते हा नाद परवडणारा नाही, आणि परवडला तरी शहाणपणाचा नाही. ताईच्या फोनमध्ये तीन गाड्यांचे फोटो आहेत. एक दिल्लीची २००७ ची, एक मुंबईची लाल २०१० ची आणि एक बंगळुरूची राखाडी २०१४ ची. हौसेपोटी जुनी महागडी गाडी घ्यावी का, घेतली तर कशी पारखावी, या दोन्ही प्रश्नांवर दोघांची मतं ठाम आहेत. दोघांकडे मुद्देही आहेत.

भाऊ : आधी एक सांग, तुला गाडी पाहिजे का पोर्शे पाहिजे? नुसती गाडी पाहिजे असेल तर पंधरा-वीस लाखांत शोरूममधून कोरी येते. पाच माणसं बसतात, वॉरंटी मिळते, आणि आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरला पोट घासत नाही.

ताई : पाच माणसांची गाडी दारात आहे आणि ती राहणारच आहे. मला अशी गाडी हवी की जी फक्त चालवण्यासाठी बाहेर काढायची. रविवारी पहाटे निघायचं, आंबोलीला चहा घ्यायचा, जेवायच्या आत घरी. एवढंच तिचं काम.

भाऊ : एवढ्या कामासाठी एवढे लाख?

ताई : पन्हाळ्याच्या पायथ्याला प्लॉट घेतला असता तर विचारलं असतंस? आपल्या ओळखीतल्या सर्जननी फॉर्च्युनर घेतली, वर आवडीच्या नंबरासाठी आरटीओत वेगळे पैसे मोजले. सगळे पेढे खाऊन आले. त्यांना कुणी म्हटलं नाही, एवढ्या मोठ्या गाडीचं काम काय.

भाऊ : तू बाई आहेस म्हणून मी बोलत नाही, ताई. फॉर्च्युनर सकाळी विकायला काढली तर संध्याकाळी गिऱ्हाईक दारात येतं. तुझी बॉक्स्टर विकायला काढली तर बघायला अख्खं कोल्हापूर येईल, घ्यायला कोण येणार?

ताई : मी विकायला घेतच नाहीये.

भाऊ : असंच म्हणून प्रत्येक जण घेतो. तरी तुझ्या फोनमध्ये तीन गाड्या विकायला आहेतच की.

ताई : बरं, विकण्याचं शेवटी बोलू. बॉक्स्टरच का, ते आधी ऐक. १९९३ ला डेट्रॉइटच्या मोटर शोमध्ये पोर्शेनं तिचा नमुना ठेवला, तेव्हा कंपनीचे दिवस वाईट होते. १९९६ ला ती रस्त्यावर आली आणि कंपनी सावरायला तिचा मोठा हातभार लागला. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे वजन बरोबर मधोमध. घाटातल्या वळणावर त्याचा फरक कळतो. डिकी पुढेही आहे, मागेही आहे. सिलिंडर सहा, तीन एका बाजूला आडवे, तीन दुसऱ्या बाजूला. टर्बो नाही. २०१६ ला कंपनीनं तिला चार सिलिंडर आणि टर्बो दिला. सहा सिलिंडर परत आणले ते वरच्या महागड्या आवृत्त्यांतच. २०२४ मध्ये युरोपात सायबर सुरक्षेच्या नव्या नियमांपायी तिच्या बहुतेक पेट्रोल आवृत्त्या विक्रीतून गेल्या. तेव्हा मला हवी ती गाडी आता जुनीच मिळणार. दुसरा रस्ताच नाही.

भाऊ : विजेवरची उघडी गाडी पण आली की २०२५ ला. एमजीची सायबरस्टर. नवी, वॉरंटीतली.

ताई : पाऊण कोटीच्या घरात आहे ती. आणि मला पाठीमागून इंजिनाचा आवाज ऐकायचाय. माझा सगळा दिवस मॉनिटरच्या टिकटिकीत जातो.

भाऊ : बरं, पैशाचं बघू.

ताई : पैशाच्या बाबतीत तर सेकंडहँड स्पोर्ट्स कारसारखा फायद्याचा सौदा नाही. ही गाडी पूर्ण बांधून परदेशातून यायची. आयात शुल्क, त्यावर देशातले कर, त्यावर रोड टॅक्स. पहिल्या मालकानं जेवढे पैसे मोजले, त्यातला मोठा हिस्सा सरकारी तिजोरीत गेला, गाडीत गेलाच नाही. दहा वर्षांनी किंमत पडते तेव्हा आधी तो कर गळून पडतो. मला गाडी मिळते आणि करांचा भार दुसऱ्यानं सोसलेला असतो. माझ्यासारख्या पगारी-प्रॅक्टिसवाल्या माणसाला आत शिरायला एवढंच दार आहे.

भाऊ : हे अगदी बरोबर बोललीस, आणि माणूस फसतो तोही इथंच. गाडीची किंमत पडते, पार्टांची पडत नाही. गाडी वीस वर्षांची झाली म्हणून ब्रेक डिस्क स्वस्त होत नाही. ती जर्मनीहून नव्या भावात येणार, शुल्क भरून येणार, आणि येईपर्यंत गाडी स्टँडवर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हौसेला मोल नसतं म्हणतात. स्पेअरला असतं.

ताई : हे मला मान्य आहे. म्हणून तर फोटो बघून पैसे देत नाहीये. पेशंट टेबलावर घेण्याआधी आम्ही त्याची पूर्ण तपासणी करतो, आणि रिपोर्ट बरे नसतील तर सर्जन कितीही घाईत असला तरी केस पुढे ढकलतो. गाडीचंही तेच करायचं. तू मेकॅनिक आहेस, तू बोल. दिल्लीवालीपासून सुरू कर.

भाऊ : दिल्लीची सगळ्यात स्वस्त आहे ना? का स्वस्त आहे ते बघ. दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर आधी २०१५ ला हरित लवादाचा आदेश आला, तो सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये उचलून धरला. पुढे त्यात फेरफार होत राहिले, पण तिथल्या मालकांना धास्ती बसली आणि जुन्या गाड्या बाहेरच्या राज्यात स्वस्तात निघू लागल्या. ती एनओसी आणायची, इथं टॅक्स भरायचा, पासिंग करायचं. हे झालं कागदाचं. इंजिनाचं तुला माहितीये का?

ताई : आयएमएस बेअरिंग म्हणतोस?

भाऊ : अगं बाई, अभ्यास केलायस की. क्रँककडून कॅमशाफ्टला फिरवायला मधे एक शाफ्ट असतो. त्याच्या टोकाचं बेअरिंग गेलं की टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात आणि लोखंडाचा चुरा ऑइलमधून सगळ्या इंजिनभर फिरतो. मग जाळ आणि धूर संगटच. अमेरिकेत मालक कोर्टात गेले होते त्यासाठी.

ताई : हो, २००१ ते २००५ च्या बॉक्स्टर आणि ९११ साठी तिथं सामूहिक दावा झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली. २००६ पासून बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ आलं.

भाऊ : पण ते मोठं बेअरिंग इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बदलताच येत नाही. आधीचं निदान गिअरबॉक्स उतरवून बदलता यायचं. मग २००७ च्या गाडीत हातात काय राहतं? ऑइल फिल्टर काढायचा, कापायचा, कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरायच्या. चमक दिसली की गाडी सोडून द्यायची. आणि दिल्लीचा एजंट तुला फिल्टर कापू देणार आहे का?

ताई : विचारलं होतं. म्हणाला, मॅडम, इतनी जांच कौन करता है.

भाऊ : मग संपला विषय. जो माणूस फिल्टर कापू देत नाही, त्याला आत काय आहे ते एकतर माहीत आहे, नाहीतर माहीत करून घ्यायचं नाही.

ताई : दिल्ली फुली. तसंही २००९ च्या मॉडेलपासून कंपनीनं नवं इंजिन दिलं, त्यात तो शाफ्टच नाही. लाल आणि राखाडी, दोन्हींना ती भीती नाही. तर आता लाल. ही बघ. मुंबईत आहे, एमएच पासिंग आहे, म्हणजे टॅक्सची भानगड नाही. २०१० ची, अठ्ठावीस हजार किलोमीटर. रंग बघ.

भाऊ : रंग चांगला आहे. म्हणूनच मला भीती वाटते. पंधरा वर्षांत अठ्ठावीस हजार?

ताई : कमी चालली आहे, हे चांगलंच नाही का?

भाऊ : स्प्लेंडरला चांगलं. ह्या जातीच्या गाड्यांना उभं राहणं सोसत नाही. सील वाळतात, ब्रेकचे पिस्टन धरतात, बॅटरी उतरते. टायरवर नक्षी कोरी दिसते, पण रबर दगड झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, बघितलेस का?

ताई : बघितले. ३४१४. म्हणजे २०१४ च्या चौतिसाव्या आठवड्यातला टायर.

भाऊ : म्हणजे घाटात, पावसात, त्या टायरवर तू अडीचशे-तीनशे घोडे सोडणार. पहिल्याच दिवशी चार टायर बदलायचे. आणखी काय?

ताई : मी मुंबईतल्या एका स्वतंत्र मेकॅनिकला पैसे देऊन गाडी मशीनवर लावून घेतली. पोर्शेचा इंजिन कंट्रोलर इंजिन एकूण किती तास चाललं ते लिहून ठेवतो. मीटरवरचा आकडा बदलला तरी हा आकडा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लाल गाडीचे तास निघाले एकवीसशे.

भाऊ : थांब. अठ्ठावीस हजार भागिले एकवीसशे. तासाला तेरा किलोमीटर. सरासरी!

ताई : मलाही तोच आकडा खटकला. मुंबईचं ट्रॅफिक कितीही वाईट म्हटलं तरी जन्मभराची सरासरी तेरा येणं कठीण. मालक म्हणतो, बॅटरी उतरू नये म्हणून ड्रायव्हर रोज खालच्या पार्किंगमध्ये अर्धा तास चालू ठेवायचा.

भाऊ : खरं असेल तर वाईट, खोटं असेल तर जास्त वाईट. जागेवर उभं राहून चाललेलं इंजिन नीट तापत नाही. पेट्रोल आणि ओल ऑइलमध्ये उतरते. त्यापेक्षा चार्जर लावून ठेवायचा, दोन-चार हजारांचं काम. आणि खोटं असेल तर मीटर मागं फिरवलाय. दोन्हीकडून गाडी गेली.

ताई : तरी मी गाडी बघायला गेले होते. टप उघडला, मिटला, बारा-पंधरा सेकंदांत. फार सुंदर चालतो. मग सीट मागे सरकवली आणि गालिच्याखाली हात घातला.

भाऊ : ओला?

ताई : ओला नव्हता. वास होता. बंद कपाटाचा असतो तसा. बॉक्स्टरचा टप जिथे मिटून बसतो तिथे दोन्ही बाजूंना पाणी खाली जायच्या नळ्या आहेत. पानं-माती अडकून त्या तुंबल्या की पाणी आत उतरतं, आणि चोरीविरोधी यंत्रणेचं कंट्रोल युनिट सीटखालीच बसवलेलं आहे. ते भिजलं की गाडी चावी ओळखत नाही. मी बाटलीभर पाणी त्या नळीच्या तोंडाशी ओतून बघितलं. मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली, दोन्ही बाजूंनी धार पडायला हवी. डावीकडे पडली, उजवीकडे नुसते थेंब.

भाऊ : आणि सीटबेल्ट? शेवटपर्यंत ओढून बघितलास? २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे किती गाड्या आल्या. वरून धुऊन पॉलिश करून आणतात, पण बेल्ट पूर्ण ओढला की आतल्या टोकाला गढूळ पाण्याची रेघ दिसते. ती कुणी धूत नाही.

ताई : बेल्ट स्वच्छ होता. पुराची नाही ती, आळसाची आहे. आणि रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं संपली आहेत. विचारलं तर म्हणाला, नूतनीकरण प्रोसेसमध्ये आहे.

भाऊ : प्रोसेसमध्ये म्हणजे केलेलं नाही. आयात केलेल्या चारचाकीला नुसती नूतनीकरणाची फी चाळीस हजार केली केंद्रानं २०२१ च्या अधिसूचनेनं. वर पर्यावरण कर, उशिराचा दंड, फिटनेस. आणि एवढं होऊन तुझं मन त्या लाल रंगावरून हलत नाहीये, ते मला दिसतंय.

ताई : हलत नाहीये, खोटं कशाला बोलू. पण मन हलत नाही म्हणून चेक लिहीन असं नाही.

भाऊ : मग हा नाद सोडून दे की. स्वप्न आहे तोवर गोड आहे. दारात आलं की त्याच्या पावत्या होतात. आपल्या इथं दरवर्षी दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी निघते, सगळं गाव बघतं, खूश होतं. कुणी म्हणत नाही माझ्याही दारात पाहिजे.

ताई : मेबॅकचं नाव काढलंस ते बरं झालं. राजाराम महाराजांच्या काळातली गाडी, आणि अजून दसरा चौकात स्वतःच्या चाकांवर येते. ती जुनी आहे म्हणून कुणाला भीती वाटते का? तिच्यामागे कुणीतरी वर्षभर हात काळे करतं. जुनेपणा हा गाडीचा दोष नसतोच, सुरुवातीपासून ती कुणाच्या हातात होती हा प्रश्न असतो. म्हणून तिसरी गाडी बघ.

भाऊ : ही राखाडी? एकसष्ट हजार किलोमीटर, लाल गाडीपेक्षा नऊ लाख महाग, रंग ढगाळ दिवसाचा. हिच्यात काय बघितलंस?

ताई : फाइल बघितली. मालकानं सगळी स्कॅन करून पाठवली. २०१४ पासूनची प्रत्येक पावती. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. स्पार्क प्लग वेळेवर. वॉटर पंप एकदा बदलला, जुन्याचा फोटो जोडलाय. आणि हे बघ, दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी एकच ओळ : टपाच्या नळ्या साफ केल्या, पुढच्या रेडिएटरमधली पानं काढली.

भाऊ : दाखव. रेडिएटरमधली पानं?

ताई : बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात. हवेच्या भोकातून पानं, धूळ, प्लॅस्टिक आत जातं आणि मागे साचून कुजतं. त्या कुजलेल्या थरानं रेडिएटर खाल्ला जातो. बाहेरून काही दिसत नाही, बॅटरी मारून बघावं लागतं. बहुतेक मालकांना तिथं रेडिएटर आहे हेच माहीत नसतं. हा माणूस दरवर्षी काढतो.

भाऊ : हा माणूस आमच्यातला आहे. इंजिनाचे तास?

ताई : सतराशे. म्हणजे तासाला छत्तीस. शहरात थोडी, हायवेला जास्त, जशी चालायला पाहिजे तशी. ओव्हररेव्हची नोंदही मागितली आहे. ठरलेल्या मर्यादेपुढे इंजिन किती वेळा फिरवलं, तेही त्याच कंट्रोलरमध्ये असतं.

भाऊ : ह्यातलं वाईट काय ते त्यानं सांगितलं का?

ताई : मी विचारायच्या आधी. डाव्या दाराची काच हळू वर जाते. पुढच्या बंपरची खालची कड घासली आहे, बंगळुरूच्या स्पीडब्रेकरना. एसी उन्हाळ्यात दुपारी कमी पडतो. त्यानं तिन्हींचे फोटो आणि व्हिडिओ पाठवले. लालवाला म्हणत होता, एकदम शोरूम कंडिशन, मॅडम.

भाऊ : मग माझा निम्मा विरोध इथं संपला. निम्मा अजून आहे. कागद ऐक. केए पासिंगची गाडी आहे. तिथून अठ्ठावीस नंबरचा फॉर्म भरून एनओसी, इथं गाडीच्या वयाप्रमाणं उरलेल्या किमतीवर टॅक्स, आणि तिकडच्या टॅक्सचा परतावा मागायचा तो वेगळा अर्ज. तो मिळेल तेव्हा खरा, हिशेबात धरू नकोस. कर्ज काढून घेतली होती का त्यानं?

ताई : हो, फिटलंय.

भाऊ : फिटलंय म्हणून चालत नाही. बँकेचा दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म दे म्हणावं, आणि वाहन पोर्टलवर बोजा उतरलेला दिसला पाहिजे. चलनंही तिथंच बघ. आणि पाँडिचेरीचं पासिंग असलेली कुणी दाखवली तर हात लावू नकोस. टॅक्स वाचवायला तिकडं नोंदवलेल्या गाड्या आहेत, केरळात २०१७ ला त्यावरून गुन्हे दाखल झाले. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर इथंच नोंदवावी लागते.

ताई : आणि नाव? सह्या केलेले एकोणतीस-तीसचे फॉर्म घेऊन ठेवायचे आणि सावकाश नावावर करायची, असं लोक करतात.

भाऊ : ते लालवाल्यासारखे लोक करतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. मधे अपघात झाला तर भरपाई त्याच्या गळ्यात. शहाणा विकणारा म्हणूनच लवकर नाव बदलून घ्यायला मागे लागतो. विमाही चौदा दिवसांत तुझ्या नावावर करायला टाकावा लागतो, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. त्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जाणार, तुला मिळणार नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि तू मिळून ठरवायची, ती कमी धरून हप्ता वाचवू नकोस. झिरो डेप ह्या वयाला मिळणं अवघड. म्हणजे काही फुटलं तर तुझ्याही खिशातून जाणार.

ताई : थेट मालकाकडून घेतेय, हा एक फायदा. डीलर त्याच्या नफ्यावर अठरा टक्के जीएसटी भरतो आणि तो किमतीत येतोच.

भाऊ : आता नऊ लाखांचं. लाल गाडीला टायर, टपाच्या नळ्या, कंट्रोल युनिट, नूतनीकरण, आणि त्या तेरा किलोमीटरच्या सरासरीखाली काय दडलंय ते देवाला माहीत. नऊ लाख कुठं जातील कळणार नाही. तिथं तुझं बरोबर, फाइलवाली महाग दिसते तेवढी महाग नाही. पण तिला बजेटचे सगळे पैसे देऊ नकोस. जेवढ्याला घेशील त्याच्या चौथाई रक्कम वेगळ्या खात्यात ठेव आणि त्याला हात लावू नकोस. ते पैसे नसतील तर गाडी आपली नाही.

ताई : चौथाई ठेवली आहे. ती धरूनच बजेट केलं होतं.

भाऊ : पेट्रोल? वीस टक्के इथेनॉल आलंय पंपावर. एवढ्या जुन्या गाड्या त्या हिशेबानं बनवलेल्या नाहीत.

ताई : म्हणून टाकी अर्धी ठेवून महिनाभर उभी करणार नाही. दर आठवड्याला चालवायची, रबरी पाइप वर्षातून एकदा तू बघायचास. त्यावर आणखी काही उपाय असेल तर तू सांग.

भाऊ : म्हणजे मला आधीच कामाला लावलंस! ताई, माझ्याकडं पोर्शेचं मशीन नाही. मोठं काम निघालं तर फ्लॅटबेडवर घालून मोठ्या शहरात न्यायची. हुक पुढच्या बंपरच्या झाकणाखाली लागतो, तो टूलकिटमध्ये आहे का ते बघून घे. नसेल तर लोक चेन लावून ओढतात आणि सस्पेन्शनची वाट लावतात.

ताई : हे मला ठाऊक नव्हतं.

भाऊ : आणि लोकांचं काय? कन्सल्टिंगला येणारा पेशंट खाली पोर्शे बघेल. म्हणेल, म्हणूनच बिल एवढं आलं.

ताई : पेशंट बिल बघतोय की गाडी बघतोय, याची काळजी करत बसले तर पुढची दहा वर्षंही अशीच काढीन. माझे गुडघे आताच कुरकुरतात. एवढ्या खालच्या सीटमधून उठायला मला अजून दहा-बारा वर्षं जमेल. त्यानंतर पैसे असतील, गाड्याही असतील, उठता येणार नाही. तू विकायचं विचारलं होतंस ना? त्या दिवशी विकीन. मालकाची फाइल आहे, त्यात माझी भर घालीन. बंगळुरूचा माणूस आज ज्या किमतीला विकू शकतोय, ती किंमत ह्या कागदांची आहे. मीही तसेच कागद ठेवीन.

भाऊ : मग माझा विरोध एवढाच उरला : तिथं जाशील, टप उघडून बसशील, तो सहा सिलिंडरांचा आवाज ऐकशील आणि काचेचं, एसीचं, तासांचं सगळं विसरशील. मी बघितलंय. बैलबाजारातही असंच होतं आणि शोरूममध्येही असंच होतं. गाडी आणायला म्हणून गेलेला माणूस रिकाम्या हातानं येत नाही.

ताई : म्हणून तू बरोबर चल.

भाऊ : मी आलो तर दोघं भुलू. मी यायचा नाही. मी इथं फोनवर थांबतो. रेडिएटरमध्ये बॅटरी मारून फोटो पाठव, सीटखालचा गालिचा, चारी टायरचे आकडे, थंड इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ. आधी गरम करून ठेवलं असेल तर चालायचं नाही, बोनेटला... नाही, हिचं इंजिन मागं आहे, मागच्या डिकीला हात लावून बघ. एखादी गोष्ट फाइलशी जुळली नाही तर परत यायचं. आणि एक कर. जायच्या आधीच परतीच्या बसचं तिकीट काढून ठेव, म्हणजे गाडी घेतल्याशिवाय यायला वाट राहील.

ताई : काढलंय. रद्द करता येईल असं.